बॅन करताना पद्धत झाका, आरोप झाकू नका

पहारेकरी (धागाकर्ता)

खेळाडूला बॅन केल्यावर त्याच्या पडद्यावर काय दिसतं, तिथून सुरुवात करू. बहुतेक ठिकाणी एकच ओळ असते: 'नियमभंगामुळे तुमचं अकाउंट बंद करण्यात आलं आहे.' कोणता नियम, कोणत्या सामन्यात, किती दिवसांसाठी, दाद कुठे मागायची, यातलं काहीच नाही. माइनक्राफ्टच्या सर्व्हरवर बॅनची कमांड देताना कारण लिहिलं नाही, तर यादीत 'ऑपरेटरने बॅन केलं' एवढीच नोंद आपोआप पडते. सहा महिन्यांनी तो खेळाडू दाद मागायला येतो, तेव्हा बॅन करणाऱ्या मॉडलाही (मॉड म्हणजे सर्व्हरची शिस्त बघणारा मॉडरेटर) काही आठवत नाही. मग एक तर बॅन तसाच राहतो, नाहीतर 'जाऊ दे' म्हणून उठवला जातो. दोन्हीत न्याय नाही.

कारण न देण्यामागे एक उत्तर ठरलेलं आहे: 'सांगितलं तर चीट (फसवणुकीचे प्रोग्रॅम) बनवणारे सावध होतील.' इथे दोन गोष्टींची गल्लत होते. चीट कसा पकडला, ही झाली पद्धत. कशाबद्दल पकडलं, हा झाला आरोप. पद्धत झाकून ठेवावी लागते, हे मान्य. आरोप झाकायचं मात्र काही कारण नाही. पुढची नोटीस पाहा:

> बॅन क्र. ०४१७. नियम ३.२, बाहेरच्या प्रोग्रॅमची मदत. सामना क्र. ८८१२, १४ मार्च, २१:४० ते २२:१५ यूटीसी. मुदत ३० दिवस, १३ एप्रिलला आपोआप सुटेल. निर्णय दोन मॉडनी रिप्ले (सामन्याचं रेकॉर्डिंग) पाहून घेतला आहे. अपील १४ दिवसांत करता येईल. अपील हा बॅन करणाऱ्याखेरीज दुसरा मॉड पाहील.

यातून चीट विकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. निर्दोष खेळाडूला मात्र 'त्या वेळी मी खेळतच नव्हतो, अकाउंट दुसऱ्याच्या हातात होतं' असं नेमकं म्हणता येतं. वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर एकच मानलेल्या प्रमाणवेळेत, द्यायचीच. सर्व्हरचा लॉग (आपोआप होणाऱ्या नोंदी) एका घड्याळावर आणि मॉडचा स्क्रीनशॉट दुसऱ्या घड्याळावर असला की भलत्याच सामन्याचा पुरावा जोडला जातो, आणि ही चूक नेहमी होते.

सर्व्हर चालवणाऱ्यांनी आपापल्या कामातले बारकावे इथे लिहावेत. तपशील हवेत, तक्रारी नकोत.

टिक_६४

मुद्द्याशी सहमत, पण नोटिशीत एक दुरुस्ती सुचवतो. बॅन माणसाने रिप्ले पाहून केला असेल तर सामन्याची अचूक वेळ द्यायला हरकत नाही. चीटची खूण ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने पकडलं असेल, तर तीच अचूक वेळ ही मोठी माहिती ठरते. चीट विकणारे मुद्दाम दहा-वीस अकाउंटवर वेगवेगळ्या आवृत्त्या चालवून बघतात. कोणती आवृत्ती किती वाजता पकडली गेली हे कळलं, की खूण कुठे आहे ते शोधायला त्यांना सोपं जातं. म्हणूनच व्हॉल्व्ह कंपनीच्या, २००२ पासून चालत आलेल्या व्हॅकसारख्या चीट पकडणाऱ्या यंत्रणा पकडल्यावर लगेच बॅन करत नाहीत, थांबून एकदम लाटेत करतात. अशा वेळी नोटिशीत आठवड्याचा पट्टा द्यावा: '१० ते १६ मार्चमधले सामने'. आरोप पोचतो, वेळ फुटत नाही.

आता यंत्रणांच्या चुका. 'सॉफ्टवेअर चुकत नाही' असं म्हणणाऱ्यांनी तीन प्रसंग लक्षात ठेवावेत.

जुलै २०१० मध्ये मॉडर्न वॉरफेअर २ च्या सुमारे १२,००० खेळाडूंवर व्हॅकने चुकीचा बॅन लावला. व्हॉल्व्हचं खेळ विकण्या-चालवण्याचं सॉफ्टवेअर स्टीम खेळाची फाइल डिस्कवर अपडेट करत असताना मेमरीत जुनीच प्रत होती. दोन्हींच्या सह्या (फाइलच्या ओळखखुणा) जुळल्या नाहीत, म्हणून यंत्रणेला फाइलमध्ये फेरफार झाल्यासारखं वाटलं. व्हॉल्व्हने बॅन उठवले, कारण सांगितलं आणि त्या खेळाडूंना लेफ्ट ४ डेड २ हा खेळ दिला.

ऑक्टोबर २०२३ मध्ये एएमडीच्या ड्रायव्हरमधली अँटी-लॅग प्लस ही सोय चालू केलेल्या काउंटर-स्ट्राइक २ च्या खेळाडूंवर बॅन आले. ती सोय खेळाच्या इंजिनाच्या डीएलएलमधली (कोडच्या फाइलमधली) फंक्शन वळवून मध्ये स्वतःचं काम घुसवत होती, आणि चीटही नेमकं हेच करतात. यंत्रणेच्या नजरेला दोन्ही सारखेच. एएमडीने तो ड्रायव्हर मागे घेतला, आणि व्हॉल्व्हने बॅन झालेल्यांची ओळख पटवून ते उठवले.

ऑक्टोबर २०२४ मध्ये कॉल ऑफ ड्यूटीच्या रिकोशे यंत्रणेतली फट वापरून निर्दोषांना बॅन करवता येत होतं, हे कंपनीने स्वतः मान्य केलं. ही फट वापरल्याचा दावा करणाऱ्याच्या म्हणण्यानुसार, यंत्रणा मेमरीत चीटशी संबंधित ठरावीक शब्द शोधत होती, आणि ते शब्द समोरच्याला मेसेजमध्ये पाठवले तरी पुरत होते.

तिन्ही ठिकाणी खेळाडूच्या हातून काही घडलेलं नव्हतं, आणि 'तुमच्या मशीनवर बाहेरचा प्रोग्रॅम सापडला' एवढ्यावर त्याला बचाव करणं अशक्यच होतं. अशा चुका एकट्यादुकट्या अपिलातून दिसत नाहीत, अपिलांचा गठ्ठा बघावा लागतो. एकाच दिवशी, एकाच ड्रायव्हरच्या किंवा एकाच अपडेटनंतरच्या अपिलांची रांग लागली, की बॅन थांबवून आधी यंत्रणा तपासायची. म्हणून अपील अर्जात ग्राफिक्स ड्रायव्हरची आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टीम आणि चालू असलेले ओव्हरले (खेळावर दिसणाऱ्या इतर प्रोग्रॅमच्या खिडक्या) हे तीन रकाने हवेतच.

थोडं गणितही मांडतो. समजा १,००,००० खेळाडू आहेत आणि त्यातले २,००० चीटर. यंत्रणा चीटरांपैकी ९० टक्के पकडते आणि निर्दोषांपैकी फक्त १ टक्का चुकून पकडते. ऐकायला उत्तम. पण पकडलेल्यांत १,८०० चीटर आणि ९८० निर्दोष असतील. म्हणजे दर शंभर बॅनमागे ३५ चुकीचे. ही चूक ०.१ टक्क्यावर आणली तरी ९८ निर्दोष राहतातच, शंभरात पाच. त्यामुळे 'आमची यंत्रणा ९९ टक्के अचूक आहे' या वाक्यावर कायमचा बॅन उभा करू नये.

शांत_किनारा

वाचनखूण साठवली. एक शंका: आयपी बॅनचं, म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यावरूनच अडवण्याचं, काय? आमच्याकडे दर वेळी तोच शेवटचा उपाय म्हणून वापरतात.

टिक_६४

@शांत_किनारा, कायमचा आयपी बॅन बंदच करा. मोबाइल नेटवर्कवर आणि बऱ्याच ब्रॉडबँडवरही एकच सार्वजनिक पत्ता शेकडो ग्राहकांत वाटलेला असतो. ज्याला अडवायचं तो राउटर बंद-चालू करून नवा पत्ता घेतो, आणि जुना पत्ता मिळालेला भलताच माणूस दारात अडकतो. हल्ला चालू असताना २४ ते ४८ तासांसाठी ठीक, त्यापुढे नाही.

मशीनच्या खुणेवरचा बॅन जास्त टिकतो, पण ती खूण मदरबोर्ड आणि डिस्कच्या क्रमांकावरून बनते. ते मशीन जुन्या बाजारात विकलं गेलं की शिक्षा नव्या मालकाला. घरात दोन भावंडं एकाच मशीनवर खेळत असतील तर एकाची शिक्षा दुसऱ्याला. 'हे त्याचंच दुसरं अकाउंट' म्हणायला किमान दोन स्वतंत्र खुणा लागतात, उदाहरणार्थ मशीन आणि पैसे भरण्याचं साधन. फक्त आयपी जुळला तर ती शंका समजावी, पुरावा नव्हे.

खाणीतला_दिवा

माइनक्राफ्टमध्ये एक्स-रेच्या (दगडाआडचं दाखवणाऱ्या चीटच्या) आरोपावरून होणारे बॅन हा मोठा विषय आहे, आणि त्यातले बरेचसे फक्त 'इतके हिरे कसे मिळाले?' यावरच होतात. लॉग कसा वाचायचा ते लिहितो.

पहिलं, नोंदी शोधताना साधं हिऱ्याचं ओअर (खनिजाचा ब्लॉक) आणि डीपस्लेटमधलं (खोलवरच्या गडद दगडातलं) हिऱ्याचं ओअर हे दोन वेगळे ब्लॉक आहेत. १.१८ आवृत्तीपासून हिरे वाय (उंची) उणे ६४ च्या तळाकडे दाट होत जातात आणि तिथे सगळा डीपस्लेट असतो. एकच नाव टाकून शोधलं तर बहुतेक नोंदी सुटतात. तसंच 'किती दगड फोडला' मोजताना डीपस्लेट धरला नाही, तर प्रामाणिक खेळाडूचंही प्रमाण भयंकर दिसतं.

दुसरं, सिल्क टच. ज्याच्याकडे सिल्क टच (ब्लॉक अख्खा निघतो) आणि फॉर्च्यून (जास्त हिरे मिळतात) अशा दोन कुदळी आहेत, तो खाणीतून ओअर अख्खं काढतो, घरी आणून ठेवतो आणि फॉर्च्यूनने फोडतो. लॉगमध्ये तोच ब्लॉक दोनदा तुटलेला दिसतो. शिवाय एकाच जागी मिनिटभरात वीस-तीस ओअर फुटल्याची नोंद. ज्याला हे ठाऊक नाही, तो मॉड इथेच बॅन करून मोकळा होतो. त्याच ठिकाणी 'ब्लॉक ठेवला' ही नोंद आधी आहे का, एवढं बघितलं तरी उलगडा होतो.

तिसरं, ओअर मोजू नका, शिरा मोजा. आठ ओअरची एक शीर म्हणजे एकच शोध. त्यातून गुहेच्या भिंतीत उघड्या दिसणाऱ्या शिरा वजा करा, कारण त्या कुणालाही दिसतात. उरलेल्या, चारी बाजूंनी दगडात बंद असलेल्या शिरांकडे बोगदा कसा गेलाय ते जागेवर जाऊन बघा. सरळ बोगदा, मग एकदम काटकोनात वळण, थेट शिरेवर, परत मागे, पुढे पुन्हा तसंच. असं एकदा झालं तर योगायोग. सलग आठ-दहा बंद शिरांवर झालं आणि अधेमधे एकही वाया गेलेला फाटा नसेल, तर बोलायला जागा आहे. तिथेही कुणी त्याला कोऑर्डिनेट दिले होते का हे चॅटमध्ये बघावं. जगाचा सीड (ज्यावरून जग बनतं तो आकडा) बाहेर पडला असेल तर एक्स-रे न वापरताही जागा कळतात. ती फसवणूकच, पण आरोप वेगळा, आणि नोटिशीत खरा आरोपच लिहायला हवा.

किती प्रमाण म्हणजे जास्त, याचा आकडा दुसऱ्या सर्व्हरवरून उचलू नये. आपल्याच जुन्या, विश्वासातल्या वीसेक खेळाडूंचं 'दर हजार दगडामागे किती बंद शिरा' हे काढा आणि त्याच्याशी ताडून बघा.

अवांतर: सर्व्हर ऑफलाइन मोडमध्ये (खेळाडूची ओळख न तपासता) चालत असेल तर यूयूआयडी (ओळख क्रमांक) खेळाडूच्या नावावरूनच बनतो. नाव बदललं की तो नवा माणूस, आणि दुसऱ्याचं नाव घेतलं की त्याचा बॅनही आपला. तिथे लॉगिनचं प्लगइन बसवल्याशिवाय बॅन यादीला अर्थ नाही.

नियमपाल

आतापर्यंत पुराव्याबद्दल झालं. पण नियमच ढगळ असेल तर पुरावा कितीही घट्ट असून उपयोग नाही.

ऑक्टोबर २०१९ मध्ये हार्थस्टोन या खेळाचा व्यावसायिक खेळाडू ब्लिट्झचंग याने सामन्यानंतरच्या मुलाखतीत हाँगकाँगच्या आंदोलनाची घोषणा दिली. खेळ बनवणाऱ्या ब्लिझार्डने त्याला एक वर्षासाठी बॅन केलं आणि बक्षिसाची रक्कमही रोखली. ज्या नियमावर बोट ठेवलं, त्यात लोकांच्या एखाद्या गटाला दुखावणारं किंवा कंपनीच्या प्रतिमेला धक्का लावणारं वर्तन, असा सगळं पोटात घेणारा मजकूर होता, आणि ते ठरवण्याचा अधिकार कंपनीकडेच. काही दिवसांत शिक्षा सहा महिन्यांवर आली आणि बक्षीस परत मिळालं. एकाच कृत्याची शिक्षा आठवड्याभरात निम्मी होते, याचा अर्थ पहिल्यांदा मोजायला पट्टीच नव्हती.

पट्टी आधी लिहून ठेवायची. एक्सबॉक्सने ऑगस्ट २०२३ मध्ये आणलेली पद्धत बघण्यासारखी आहे: प्रत्येक गुन्ह्याचे स्ट्राइक (दंडाच्या खुणा), आठ स्ट्राइक झाले की सोशल सोयींवर वर्षभर बंदी, आणि प्रत्येक स्ट्राइक सहा महिन्यांनी नोंदीवरून उतरतो. आपण कुठे उभे आहोत हे खेळाडूला कधीही दिसतं. छोट्या सर्व्हरला चॅटमधल्या शिवीगाळीसाठी इशारा, मग २४ तास म्यूट, ३ दिवस, ७ दिवस, ३० दिवस एवढी पायरी पुरते. डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर टाइमआउट (बोलण्यावर तात्पुरती बंदी) जास्तीत जास्त २८ दिवसांचा देता येतो, तेव्हा पायऱ्या त्यात बसवाव्यात.

कायद्याचं थोडक्यात: युरोपीय संघाचा डिजिटल सर्व्हिसेस ॲक्ट १७ फेब्रुवारी २०२४ पासून पूर्ण लागू आहे. कलम १७ प्रमाणे मजकुरावरून कारवाई केली तर कारण, आधार घेतलेला नियम, यंत्राने ठरवलं का, आणि दाद कुठे मागायची हे कळवावं लागतं. कलम २० प्रमाणे तक्रारीसाठी किमान सहा महिने द्यावे लागतात, आणि तो निर्णय फक्त यंत्रावर सोडता येत नाही. कलम २० मधून लहान व अतिलहान उद्योग वगळले आहेत. शिवाय हे सगळं वापरकर्त्याने टाकलेल्या मजकुराबद्दल आहे. चॅट आणि नाव त्यात सरळ येतात, एमबॉट (आपोआप नेम धरणारा चीट) तितका सरळ येत नाही. त्यामुळे 'कायद्याने पुरावा द्यावाच लागेल' असं चीटच्या बॅनबद्दल ठोकून सांगू नये.

सुरवंट

चॅटच्या बॅनबद्दल एक. शब्द पकडणारा फिल्टर अक्षरं बघतो, अर्थ नाही. आपण 'फक्त' हा शब्द रोमन अक्षरांत लिहिला तरी इंग्रजी शिवीच्या फिल्टरमध्ये अडकू शकतो. फिल्टरने मेसेज अडवावा, फार तर मॉडकडे पाठवावा. बॅन त्याच्या हातात देऊ नये. आणि मॉडने त्या ओळीच्या आधीच्या व नंतरच्या किमान वीस ओळी वाचाव्यात. चिथावणारा मोकळा आणि चिडणारा बॅन, हे एकच ओळ वाचल्याने होतं.

तक्रारीसोबतचा स्क्रीनशॉट पुरावा म्हणून घेऊ नका. तो लॉगमध्ये कुठे शोधायचं हे सांगणारा दुवा आहे, एवढंच. डिस्कॉर्डचा ऑडिट लॉग ४५ दिवसच राहतो, म्हणून मॉडच्या कारवाईची नोंद बॉटने वेगळ्या चॅनेलमध्ये उतरवून ठेवा.

डेमोदर्शक

रिप्ले बघून निर्णय घेणाऱ्यांसाठी. खेळ ६४ टिकने (सेकंदाला ६४ चौकटींनी) चालला आणि डेमो (सामन्याचं रेकॉर्डिंग) ३२ टिकने रेकॉर्ड झाला, तर दोन चौकटींत ३१ मिलिसेकंदांचं अंतर पडतं. झटकन फिरवलेला माउस मधली चौकट गाळली गेल्यामुळे उडी मारून डोक्यावर बसल्यासारखा दिसतो. हा एमबॉट नव्हे. तसंच लॅग कॉम्पेन्सेशनमुळे (नेटचा उशीर भरून काढणाऱ्या सोयीमुळे), जास्त पिंग (नेटचा उशीर) असलेल्याच्या गोळ्या 'भिंतीआड गेलेल्या' माणसाला लागतात, कारण मारणाऱ्याच्या पडद्यावर समोरचा अजून उघड्यावरच असतो. आधी पिंग बघा, मग आरोप करा.

वॉलहॅकसाठी (भिंतीआडचं दाखवणाऱ्या चीटसाठी) मारलेल्या क्षणापेक्षा न मारलेले क्षण जास्त बोलतात. आवाज नाही, टीममेटने सांगितलेलं नाही, तरी क्रॉसहेअर (नेमाची खूण) भिंतीमागच्या माणसाबरोबर सरकतो का? आणि उलट, पाठीमागून आलेल्याने त्याला सहज मारलं असे प्रसंग किती? दोन्ही लिहून काढा.

सीएस:गो या काउंटर-स्ट्राइकच्या आधीच्या आवृत्तीत २०१३ साली आलेल्या ओव्हरवॉच पद्धतीतून घेण्यासारखं बरंच आहे. तपासणाऱ्याला संशयिताचं नाव दिसत नसे, बाकीच्यांची नावंही नाहीत, चॅटही नाही. समोर आठ फेऱ्या, आणि प्रत्येक आरोपासाठी दोनच पर्याय: शंकेपलीकडे सिद्ध किंवा पुरावा अपुरा. अधूनमधून निकाल आधीच ठाऊक असलेली प्रकरणं मिसळून तपासणाऱ्याचीच परीक्षा घेतली जात असे. हे पाच मॉडच्या टीमलाही जमतं. एकाने डेमो कापून नावं झाकायची, दोघांनी एकमेकांशी न बोलता मत द्यायचं. दोघांचं जुळलं नाही तर बॅन नाही.

याउलट लीग ऑफ लेजेंड्सचं ट्रिब्युनल, २०११ ते २०१४. तिथेही खेळाडूच मत देत, पण सुरुवातीला बहुमताशी जुळणाऱ्या मताला खेळातले पॉइंट होते. असं बक्षीस ठेवलं की माणूस प्रकरण वाचत नाही, बहुमत ओळखतो. मॉडच्या कामाचं मोजमाप 'किती बॅन केले' यावर कधीच करू नका.

रातवा

एक विरोधी मत. सगळं खासगी नोटिशीत ठेवलं तर बाकीच्यांना काय कळणार? स्टीमवर व्हॅक बॅन प्रोफाइलवर उघड दिसतो, शेवटचा बॅन किती दिवसांपूर्वीचा तेही. पारदर्शकता म्हणजे सगळ्यांना दिसणारी यादी असं मला वाटतं. यादी नसेल तर मॉडच्या मित्रांना सूट मिळते.

पहारेकरी (धागाकर्ता)

@रातवा, मित्रांना सूट मिळते ही काळजी रास्त आहे, पण नावांच्या यादीने ती सुटत नाही. यादीत बॅन झालेलेच दिसतात, सोडून दिलेले दिसत नाहीत. शिवाय खेळाडूंत लहान मुलं असतात. चुकीचा बॅन उठला तरी यादीचा स्क्रीनशॉट फिरतच राहतो. म्हणून नावं खासगी आणि आकडे उघड, असं माझं मत आहे. दर महिन्याला लावायचं ते असं: किती तक्रारी आल्या, किती बॅन, कोणत्या नियमाखाली किती, यंत्राने किती आणि माणसाने किती, किती अपिलं, त्यातली किती मान्य, आणि अपिलाला लागलेले दिवस. एखाद्या रकान्यात पाचपेक्षा कमी आकडा असेल तर शेजारच्या रकान्यात मिळवा, नाहीतर छोट्या सर्व्हरवर माणूस ओळखू येतो. मजकूर हटवण्यातल्या पारदर्शकतेबद्दलच्या २०१८ च्या सांता क्लारा तत्त्वांत आकडे, सूचना आणि अपील हीच तीन कलमं होती. तक्रार करणाऱ्याला 'तुमच्या तक्रारीवर कारवाई झाली' किंवा 'पुरावा अपुरा' एवढं नक्की कळवा, शिक्षा किती ते नको.

सूट रोखायला वेगळा नियम लागतो: ज्या सामन्यात मॉड स्वतः खेळत होता, त्यातल्या कुणालाही त्याने फक्त २४ तासांपर्यंतच रोखायचं, पुढचं दुसऱ्याने ठरवायचं. मित्र असो वा शत्रू, दोघांनाही हेच.

अपिलाचं कामही इथेच लिहितो. अर्ज आल्यावर २४ तासांत पोच, ७ दिवसांत निर्णय. पाहणारा मॉड वेगळा, आणि त्याने आधीच्या मॉडचं मत वाचण्याआधी पुरावा बघायचा. निर्णय चारपैकी एक: कायम, मुदत कमी, रद्द, किंवा आरोप बदलून नवी नोटीस. रद्द झाला तर बॅनच्या इतिहासात तो 'चुकीचा' म्हणून नोंदवायचा, नुसता 'संपला' नको. नाहीतर पुढच्या वेळी दुसरा मॉड तो जुना गुन्हा म्हणून मोजतो आणि पायरी वर चढवतो. बुडालेली रँक, हंगामाची बक्षिसं, विकत घेतलेल्या वस्तू परत द्यायच्या, आणि जिथे तो चीटर म्हणून जाहीर झाला होता त्याच चॅनेलमध्ये दुरुस्ती टाकायची.

कायमचा बॅन असेल तरी सहा महिन्यांनी एकदा पुन्हा अर्ज करू द्यावा. तोपर्यंत पुरावा जपावा लागेल. डेमो फाइल, लॉगचा तुकडा आणि मॉडची टिपणं एकाच फोल्डरमध्ये, फोल्डरचं नाव बॅन क्रमांक. बॅन उठल्यावर ९० दिवसांनी खासगी चॅट पुसून टाकायचं.

शांत_किनारा

आमच्या यादीत कारणच न लिहिलेले जुने बॅन बरेच आहेत. त्यांचं काय करावं?

खाणीतला_दिवा

@शांत_किनारा, बॅनच्या फाइलमध्ये प्रत्येक नोंदीला तारीख आणि कुणी केलं ते असतंच. त्या मॉडकडे यादी पाठवून दोन आठवडे द्या. ज्यांचा पुरावा सापडेल त्यांना कारण लिहून नवी नोटीस द्या. ज्यांचा सापडणार नाही ते उठवा, पण पहिले ३० दिवस त्यांच्या लॉगवर लक्ष ठेवा. आणि कारण रिकामं असेल तर बॅनची कमांड चालणारच नाही, अशी सोय प्लगइनमध्ये आजच चालू करा, म्हणजे ही यादी पुन्हा वाढणार नाही.